जुने फायनल फँटसी, नवा कन्सोल: कुठलं बटण दाबायचं आणि कुठलं नाही

(नव्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.)

गेले काही दिवस तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. ताई, ते जुने फायनल फँटसी गेम नव्या कन्सोलवर आलेत, फोनवरही आहेत, ते खेळावेत का? आणि खेळले तर त्यातले ते सोपं करायचे पर्याय चालू करावेत की नाही? कारण जुने खेळाडू म्हणतात, तसं करणं म्हणजे चीटिंग.

आज यावरच बोलू. हेडफोन नीट लावा, कारण मध्ये संगीताबद्दलही बोलणार आहे.

आधी वस्तू काय आहे ते. जपानमधल्या स्क्वेअर नावाच्या कंपनीने १९८७च्या डिसेंबरमध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी पहिला फायनल फँटसी काढला. हिरोनोबु साकागुची हा त्याचा मुख्य माणूस, चित्रं योशिताका आमानोची, संगीत नोबुओ उएमात्सुचं, आणि प्रोग्रॅमिंग नासिर गेबेली या इराणी-अमेरिकन माणसाचं. १९९४ पर्यंत असे सहा गेम आले, तीन फॅमिकॉमवर, तीन सुपर फॅमिकॉमवर. हेच सहा गेम ‘पिक्सेल रिमास्टर’ या नावाने पुन्हा बनवले गेले. २०२१ ते २२मध्ये कॉम्प्युटर आणि फोनवर, २०२३च्या एप्रिलमध्ये स्विच आणि प्लेस्टेशन ४वर.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे ‘व्हिडिओ गेम’ होते, ते पिवळ्या कॅसेटवाले, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. पण त्यावर आपण काय खेळलो? मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट. फायनल फँटसीसारखा गेम त्या कॅसेटमध्ये बसवणं अवघडच होतं, कारण त्याला खेळ साठवून ठेवायला कार्ट्रिजमध्ये बॅटरी लागते, आणि वाचायला भरपूर मजकूर असतो. त्यामुळे ज्या यंत्रावर आपले दादा-काका वाढले, त्याच यंत्रावरचा हा अख्खा प्रकार आपल्या हातून सुटला. म्हणून आपल्यातल्या बहुतेकांसाठी हे ‘पुन्हा खेळणं’ नाहीच, पहिल्यांदाच खेळणं आहे.

आता आकार बघा. पहिला फायनल फँटसी २५६ केबीचा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारा ‘शुभ प्रभात’चा फोटोही कधीकधी याहून मोठा असतो. त्या २५६ केबीत नकाशा, राक्षस, गावं, जादू, संगीत, सगळं. आणि हो, राक्षस म्हणजे खरोखरच राक्षस. या गेममधले बरेच प्राणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळातून उचललेले, आणि त्या खेळाने ते जगभरातून उचललेले. त्यामुळे पहिल्याच गेममध्ये तुम्हाला ‘राक्षस’ आणि ‘नाग’ भेटतात. तिसऱ्या गेमपासून ‘शिवा’ भेटते. भेट-ते, कारण इथे शिवा ही बर्फाची बाई आहे. आजीला दाखवलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, म्हणून मी दाखवलेलं नाही.

तर, मूळ गेम किती कठीण होता? कठीण कमी, कटकटीचा जास्त. दुकानात औषध एकेक करून विकत घ्यावं लागे. साठ हवी असतील तर साठ वेळा तेच बटण. चार जणांच्या पार्टीतल्या दोघांना एकाच शत्रूवर सोडलं आणि पहिल्याच्या घावाने तो मेला, तर दुसऱ्याचा वार हवेत. सेव्ह फक्त सरायमध्ये किंवा बाहेर मोकळ्या नकाशावर तंबू ठोकून. गुहेत शिरलात की सेव्ह नाही. आणि शिवाय चुका! काळ्या जादूगाराचा ‘बुद्धी’ नावाचा आकडा दिसायचा, वाढायचा, पण त्याचा जादूच्या ताकदीवर काहीच परिणाम होत नसे. ‘टेम्पर’ नावाची, तलवारीची ताकद वाढवणारी जादू तर चालतच नव्हती. पैसे देऊन विकत घ्यायची, टर्न खर्च करून टाकायची, आणि काही होत नाही. छापील गाइडमध्ये मात्र सगळं छान लिहिलेलं.

पिक्सेल रिमास्टरमध्ये हे सगळं दुरुस्त आहे. औषधं घाऊक मिळतात, वार आपोआप दुसऱ्या शत्रूकडे वळतो, कधीही क्विक सेव्ह करता येतं. यावर कोणी रडत असेल तर रडू द्या. एकेक औषध विकत घेण्यात कसलीही कला नव्हती.

खरा प्रश्न पुढचा आहे. कन्सोलच्या आवृत्तीत दोन बटणं वाढली, जी नंतर फोनवरही आली. एक, वाटेत अचानक येणाऱ्या लढाया बंद करणं. कन्सोलवर उजवी काडी आत दाबली की झालं. दुसरं, लढाईतून मिळणारा अनुभव आणि पैसा चौपट करणं, किंवा शून्यही करणं.

मंडळी, इथे जरा थांबूया, कारण जुन्या खेळाडूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

या अचानक येणाऱ्या लढाया दोन कामं करतात. एक म्हणजे गेम लांबवणं. इवल्याशा मेमरीत चाळीस तासांचं जग मावत नाही, मग तेच आठ राक्षस तुम्हाला दोनशे वेळा भेटतात. हे काम आज कोणालाच नकोय. पण दुसरं काम आहे अंतर जाणवून देण्याचं. पहिल्या गेममध्ये एक दलदलीची गुहा आहे, ‘मार्श केव्ह’. आत जाताना तुम्ही औषधं मोजता. जादू किती वेळा वापरायची ते ठरलेलं असतं, मध्ये भरून मिळत नाही. खाली पोचून वस्तू हातात आली की मग लक्षात येतं, अरे, आता परत बाहेर जायचंय. उरलेली औषधं सहा. ती परतीची वाट म्हणजेच ती गुहा. दुसरं त्यात काही नाही, दोन-चार खोल्या आणि पेट्या. लढाया बंद केल्या तर ती गुहा तीन मिनिटांचा बोळ होते. तुम्ही सोपी गुहा खेळत नाही आहात, गुहाच खेळत नाही आहात.

म्हणून माझी पद्धत सांगते. पहिल्या गेममध्ये अनुभव दुप्पट ठेवते, म्हणजे गावाभोवती गोल फिरत लेव्हल वाढवत बसावं लागत नाही. लढाया मात्र चालू. रस्ता चुकून तोच जिना चौथ्यांदा समोर आला, तेव्हाच त्या बंद करते.

दुसऱ्या गेमला हा नियम लावायचा नाही. त्यात लेव्हलच नाहीत. जे वापराल ते वाढतं: तलवार वापरली तर तलवार, मार खाल्ला तर जीव. आकितोशी कावाझु या डिझायनरची ही कल्पना, आणि कल्पना सुंदर आहे. पण लोकांनी काय केलं, तर जीव वाढावा म्हणून स्वतःच्याच पार्टीला बडवायला सुरुवात केली. तिथे बूस्ट बिनधास्त लावा. तिसरा आणि पाचवा जॉबचे गेम आहेत, त्यांच्यावर वेगळा भाग करू.

सहावा. आता सहाव्याबद्दल बोलायला मी केव्हाची थांबलेय.

माझा मावसभाऊ नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला होता आणि त्याने सहावा गेम सुरू केला. इंग्रजी त्याला वाचता येतं, पण या गेममध्ये खूप बोलतात. आणि पिक्सेल रिमास्टर अनेक भाषांत असलं तरी मराठी नाही, हिंदीही नाही. मग मी शेजारी बसून मोठ्याने मराठीत सांगायला लागले. गंमत अशी की सांगायला लागल्यावर कळतं कोण कसं बोलतं. सायन नावाचा एक योद्धा आहे, तो इंग्रजीत मुद्दाम जुनाट बोलतो. त्याला मी ऐतिहासिक नाटकातली भाषा दिली, ‘आपण निश्चिंत असावे’ वगैरे. मावसभाऊ हसून लोळला. केफ्का हा खलनायक विदूषकासारखा नटलेला, त्याला तमाशातल्या सोंगाड्याचा आवाज दिला.

मग तो सोंगाड्या सायनच्या किल्ल्याच्या पाण्यात विष कालवतो. सायनची बायको, मुलगा, सगळे जातात. थोड्या वेळाने मेलेल्यांना घेऊन जाणारी एक आगगाडी येते, आणि सायनला त्यांचा निरोप फलाटावरून घ्यावा लागतो. (त्याच गाडीला आपला पैलवान सेबिन उचलून आपटू शकतो. हो, अख्ख्या इंजिनाला. नक्की करून बघा.) मावसभाऊ म्हणाला, “ताई, आता तो आवाज नको काढूस.” मी नाही काढला.

याच गेममध्ये एक ऑपेरा आहे. सुपर फॅमिकॉमच्या आवाजाच्या चिपकडे मेमरी फक्त ६४ केबी. गाणारा माणूस त्यात कुठून मावणार? म्हणून उएमात्सुने गळ्यासारखा वाटेल असा एक सूर वापरला आणि शब्द पडद्यावर दाखवले. पिक्सेल रिमास्टरमध्ये तो प्रवेश नव्याने बांधलाय, आणि खरे गायक गातात, अनेक भाषांमध्ये. उत्तम गातात. तरी मला जुनाच आवडतो. संगीत नाटकाची जुनी, खरखरणारी रेकॉर्ड ऐकताना आपण मनातच आवाज पुरा करतो, तसं तिथे होतं. सेटिंगमध्ये जुनं संगीत निवडता येतं, दोन्ही ऐका आणि मला कळवा.

आता पुढची दोन मिनिटं गोष्ट फुटणार आहे, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

गेमच्या मध्यावर जग संपतं. खलनायक जिंकतो. वर्षभराने सेलेस नावाची सेनानी एका निर्जन बेटावर जागी होते. सोबत फक्त म्हातारा सिड, तोही आजारी पडतो. तुम्ही किनाऱ्यावर जाऊन मासे पकडायचे आणि त्याला खाऊ घालायचे. पटपट पोहणारा मासा चांगला, रेंगाळणारा वाईट, पण हे गेम सांगत नाही. सिडची तब्येत दाखवणारा आकडाही नाही. तो वाचू शकतो किंवा जाऊ शकतो, आणि त्यानुसार सेलेसचा पुढचा प्रवेश बदलतो. इथे कुठलंच बूस्ट उपयोगाचं नाही. क्विक सेव्ह मात्र आहे, आणि माझ्या मते हेच एक ठिकाण आहे जिथे ते वापरू नये. जे होईल ते होऊ द्या, गोष्ट दोन्हीकडून पुढे जाते. मावसभावाचा सिड गेला. त्याने परत लोड केलं नाही, मीही सुचवलं नाही.

आता थोडी तक्रार. ‘पिक्सेल रिमास्टर’ म्हणजे मूळ गेम जसाच्या तसा, असं समजू नका. पहिल्या तीन गेममधली पात्रं मुळात बरीच साधी होती. काझुको शिबुया या मूळ चित्रकर्तीनेच ती पुन्हा काढलीत, छान काढलीत, पण नवीच काढलीत. उलट २००६-०७च्या सुमारास गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर सहाव्या गेममध्ये जास्तीची गुहा आणि जास्तीचे शत्रू घातले होते, ते यात नाहीत. आणि पिक्सेल रिमास्टर येताना, २०२१च्या जुलैमध्ये, पाचव्या आणि सहाव्याच्या आधीच्या कॉम्प्युटर आवृत्त्या दुकानातून काढून टाकल्या गेल्या. नवी आली की जुनी गायब. पुस्तकाची नवी आवृत्ती आली म्हणून वाचनालयातली जुनी कोणी जाळत नाही, इथे मात्र एक बटण दाबून होतं. पहिला गेम फॅमिकॉमवर जसा होता तसा, त्या न चालणाऱ्या जादूसकट, मला अधिकृत दुकानात विकत घ्यायचाय. दुरुस्त आवृत्तीच्या शेजारी तो ठेवायला जागा कितीशी लागेल? २५६ केबी.

आता तुमच्या कामाचं. एकच घेणार असाल तर सहावा घ्या. लढाया चालू, बूस्ट बंद. तो मुळातच सोपा आहे. अक्षरं बारीक वाटली तर सेटिंगमध्ये फॉन्ट बदला. फोनवर खेळणार असाल तर लोकलमध्ये उभं राहून खेळायला पहिला आणि चौथा बरे. चौथ्यात लढाईचं घड्याळ चालू असतं, शत्रू तुमची वाट बघत नाही, म्हणून सेटिंगमध्ये ‘वेट’ ठेवा. दादर आलं तरी मेनू उघडा असेल तर शत्रू थांबतो.