आशा स्वयंसेविकेचे प्रशिक्षण : वर्गात आणि वस्तीत

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक आशा स्वयंसेविका निवडण्यात येऊ लागली. ती त्याच गावची, बहुधा संसार सांभाळणारी स्त्री. तिला महिनोन्‌महिने घराबाहेर ठेवून शिकविणे अशक्यच. म्हणून आठ दिवसांच्या प्रारंभिक प्रशिक्षणानंतर सहाव्या व सातव्या पुस्तिकांचे वीस दिवसांचे शिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत विभागले गेले. मधला काळ सुटीचा नव्हे. शिकलेले कौशल्य त्या अवधीत वस्तीत वापरावयाचे असते.

या शिक्षणाचा गाभा नवजात बालकाची काळजी हा होय. प्रसूती रुग्णालयात झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, आणि घरी झाल्यास पहिल्या दिवशीही आशा भेट देते. वजन व तापमान पाहून ती शांत बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजते. तो ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा मोजावयाचा. तरीही तेवढाच आल्यास बाळाला तातडीने उपचारासाठी पाठवावयाचे. फळ्यावर हे सोपे वाटते. हात बसतो तो बाळापाशीच.

या पद्धतीमागे गडचिरोलीचा अनुभव आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत ग्रामीण स्त्रियांना असेच शिक्षण दिले. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तेथे प्रत्यक्ष घरभेटीत देखरेख होती. गटप्रवर्तकाने केवळ नोंदवही तपासल्यास चुकीने मोजलेला श्वास तिला कसा दिसणार?