चाकांवरचं घर आणि बारा व्होल्टचा हिशोब
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तसलीच एखादी लांब व्हॅन घ्यायची, मागच्या भागात पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची, आणि बायकामुलांना घेऊन हिंडायला निघायचं, ही हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. (जाता जाता सांगतो, आपण सरसकट मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणतो ते मुळात एका जर्मन वाहनाचं नाव. १९५८ साली त्या हॅम्बुर्गच्या कंपनीशी सहकार्य झालं, बजाज टेम्पो उभी राहिली आणि शब्द रस्त्यावर रुळला. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण शब्द काही हटला नाही.)

हत्यारं हातात घेण्याआधी कागदपत्रं बघावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा ठणकावून सांगितलं. ‘मोटार कॅराव्हॅन’ हा वाहनांचा वेगळा प्रकार आहे. तेव्हा छप्पर कापणं, आसनं कायमची काढणं असल्या गोष्टी आरटीओला विचारल्याशिवाय करू नयेत. मी बोलणार आहे ते रीतसर नोंद झालेल्या गाडीच्या आतल्या दुरुस्त्यांबद्दल. त्या घरच्या घरी करता येतात, आणि त्यांतल्या काही न केल्या तर जिवावर बेतू शकतं.

माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर अशी तयार व्हॅन विकत घेतली. दोन नातवंडांना घेऊन मनालीला जायचा बेत होता. तक्रार एकच : फ्रिज पहाटे बंद पडतो. दुकानदाराने बॅटरी बदलायला लावली, तरी तेच. आता आणखी मोठी बॅटरी घ्या, असा सल्ला मिळाला होता.

अशा वेळी खिशात हात घालण्याआधी मल्टिमीटर काढावा. चारपाचशे रुपयांचा साधा मीटरही पुरतो. फ्रिज चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजलं, १२.५ व्होल्ट. फ्रिजच्या प्लगवर मोजलं, ११.४. म्हणजे एक व्होल्टच्या वर वीज वाटेतच खर्च होत होती. बॅटरी चालकाच्या आसनाखाली, फ्रिज पार मागे. अंतर सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटर वायर. आणि वायर घरच्या दिव्याला वापरतात तशी, एक एमएमची. (दुकानात ‘एक एमएम’ म्हणतात तेव्हा ती जाडी नसते, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ असतं, एक चौरस मिलिमीटर.)

घरात जी वायर चालते ती गाडीत का चालत नाही? साठ वॅटचं उपकरण घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतं. तेच बारा व्होल्टवर पाच अँपिअर घेतं. वायरीतला विजेचा ऱ्हास प्रवाहावर ठरतो, आणि बारा व्होल्टमधून एक व्होल्ट गेला तर तो मोठा वाटा असतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या बारा मीटर वायरचा रोध साधारण ०.२१ ओहम. पाच अँपिअरला १.०५ व्होल्ट घट. मीटरने दाखवलं ते बरोबर एवढंच. फ्रिज अकरा व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होईल असा लावलेला होता. मध्यरात्रीनंतर बॅटरी बारावर आली की फ्रिजला अकराही मिळत नसत. बॅटरीत वीज शिल्लक, आणि फ्रिजपुढे मात्र दुष्काळ. आम्ही सहा एमएमची लवचीक वायर टाकली, टोकांना लग नीट पंच करून बसवले. घट ०.१८ व्होल्टवर आली. फ्रिज रात्रभर चालला. मोठी बॅटरी घेतली असती तर आजार तसाच राहून फक्त वजन वाढलं असतं.

वायर बदलताना दुसरी गोष्ट दिसली, ती मला फ्रिजपेक्षा गंभीर वाटली. बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर फ्यूज होता, पण पार मागे, फ्रिजजवळ. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो असतो वायर वाचवण्यासाठी. मधल्या सहा मीटरमध्ये कुठे पत्र्याच्या धारेने आवरण कापलं गेलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लालबुंद होते, आणि वायर जाते ती प्लायवूडच्या आणि फोमच्या मागून. म्हणून फ्यूज बॅटरीला शक्य तितका चिकटून, आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. दोन्ही मिळून शंभर-दोनशे रुपयांचं काम. काम सुरू करताना आधी बॅटरीची ऋण तार सोडायची. नाहीतर पान्ह्याची एक बाजू बॅटरीला आणि दुसरी बॉडीला लागली की पान्हा वेल्डिंगसारखा चिकटतो.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. विसावलेल्या अवस्थेत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. म्हणजे १०० अँपिअर-तासांतले पन्नासच आपले. नव्या लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीतले ऐंशी सहज वापरता येतात, पण तिला इंजिनाच्या अल्टरनेटरवर थेट जोडू नये, ती हावरटासारखा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये वेगळा चार्जर लागतो. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. मनालीच्या थंडीत याचा विचार करायला हवा.

आता गॅस. या व्हॅनमध्ये सिलिंडर पलंगाखाली होता, बंद कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात खिडकी उघडली तर थोडंफार भागतं. व्हॅनमध्ये गळलेला गॅस जमिनीलगत, पलंगाखालीच साचून राहतो, आणि तिथूनच विजेच्या वायरी जातात. उपाय असा : सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद, दार बाहेरून, आणि कप्प्याच्या तळाला थेट रस्त्यावर उघडणारं भोक. बुजू नये म्हणून त्याला जाळी. नळी आयएसआय मार्कची, वर छापलेली तारीख बघून. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो.

थंडीत शेगडी मंद ठेवून झोपायचं, असं स्नेह्यांनी ठरवलं होतं. त्यावर मी त्यांच्याशी चक्क भांडलो. बंद जागेत ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका. गॅसचा आणि मोनॉक्साइडचा असे दोन वेगळे अलार्म घ्यावेत, आणि जागाही वेगळ्या : गॅसचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, मोनॉक्साइडचा उशीजवळ, कारण तो हवेइतकाच हलका आणि सगळीकडे मिसळणारा. एकाच डब्यातला ‘टू-इन-वन’ घेतला तर तो दोघांपैकी एकासाठी चुकीच्या जागी असतो. थंडीला रजई चांगली.

पावसाचं थोडक्यात. छपरावर भोक पाडलं की कडेला आधी प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन लावलं तर पुढे त्यावर रंग धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. पाणी ठिबकतं तिथेच शिरतं असं समजू नका. ते छपराच्या पट्टीवरून हातभर प्रवास करून येतं. आणि भिंतीत काचलोकर भरू नका, एकदा भिजली की वाळत नाही.

शेवटी भुईकाटा. अठरा मिलिमीटर प्लायचा एक पूर्ण ताव तीस किलोच्या वर भरतो, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी भरून, माणसांसकट गाडी काट्यावर न्यावी. आधी पूर्ण, मग फक्त मागची चाकं. नोंदणी प्रमाणपत्रावरच्या एकूण वजनाशी ताडून बघावं. आमच्या स्नेह्यांची मागची चाकं जास्त भरली. पाण्याची टाकी काढून ती दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये बसवण्याचं काम सध्या चालू आहे, मनाली त्यानंतर.