बावटा लाल, चौक पांढरा

तलासरीतल्या झरी गावी मे 1945मध्ये कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांनी वारली आदिवासींची सभा घेतली. विषय वेठबिगारीचा, देवाधर्माचा नव्हे. तलासरी विधानसभेच्या डहाणू मतदारसंघात येते; ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. 2014मध्ये ती भाजपने जिंकली. 2019 आणि 2024मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले.

पण वारली घरातलं लग्न धवलेरीच्या, म्हणजे पुरोहित स्त्रीच्या, गाण्यांशिवाय लागत नाही. सवाशिणी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर चौक हे विधिचित्र लिहितात, त्यात पालघट देवी बसते. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तिथे सगळ्या पक्षांचे मतदार नवस फेडतात. नास्तिक विचारांच्या पक्षाला मत देताना इथे कुणाला देव्हारा आवरावा लागलेला नाही. प्रचारात प्रश्न मुख्यतः वनजमिनीच्या पट्ट्यांचा, पाण्याचा आणि आता वाढवण बंदराचा.