मुंगसाची मुळी

भातकापणी झाली की महाड-पोलादपूरकडच्या बांधांवर मुंगूस हटकून दिसते. राखी रंग, तांबूस डोळे, लांबोडके अंग, आणि जवळजवळ अंगाएवढीच शेपटी. करवंदीच्या जाळीतून निघते, क्षणभर थांबून बघते आणि दिसेनासे होते.

ते खाते काय? उंदीर, किडे, खेकडे, विंचू, सरडे आणि साप. कधी कोंबडीचे पिल्लूही पळवते. पण उंदीर मारून ते आपल्या धान्याची राखण करते, हे विसरू नये.

आपले मुंगूस बहुधा एकटे किंवा जोडीने फिरते. त्याच्या कुळातला मीरकॅट मात्र मोठे खटले करून राहतो. आफ्रिकेच्या दक्षिणेला कलहारी नावाचा कोरडा मुलूख आहे. तिथे बिळांत त्यांचे वीस-तीस जणांचे कुटुंब नांदते. बाकीचे माती उकरून किडे शोधतात, तेव्हा एक जण उंचवट्यावर मागच्या पायांवर उभा राहून पहारा करतो. आकाशात शिकारी पक्षी दिसला तर एक आवाज, जमिनीवरून कोल्हा आला तर दुसरा. पिल्ले लहान असली की घरचे कुणीतरी दिवसभर उपाशी राहून बिळाशी थांबते.

त्यांची शाळाही असते बघा! पिल्लाला आधी मेलेला विंचू देतात. मग नांगी तोडलेला जिवंत विंचू. पिल्लू तयार झाले म्हणजे नांगीसकट. आम्ही शाळेत जन्मभर हेच केले : आधी सोपे, मग अवघड.

आता मुळीची गोष्ट. आपल्याकडे म्हणतात, "साप चावला की मुंगूस रानात जाऊन मुळी खातं, म्हणून जगतं." लहानपणी आम्हीही हे खरे मानत होतो. आमच्या वाडीत एका गड्याला नाग चावला. चौघे जण मुळी शोधायला रानात गेले. आम्ही कंदील घेऊन मागे होतो. मुळी आणली, उगाळून पाजली. पहाटे गडी गेला. दवाखाना दोन कोसांवर होता.

खरे काय आहे? नागाचे विष अंगात एका ठरावीक जागी चिकटते. मग मेंदूचा निरोप स्नायूंना पोचत नाही आणि श्वास थांबतो. मुंगसाच्या अंगात त्या जागेची घडणच वेगळी असते. कुलपाला भलतीच किल्ली लावावी, तसे विष तिथे बसत नाही. शिवाय ते चपळ असते आणि केस फुलवून सापाला चकवते. तरीही फार विष गेले तर तेसुद्धा मरते. ही देणगी जन्माची आहे, मुळीची नाही. माणसाला ती मिळालेली नाही.

म्हणून साप चावला तर मुळी शोधू नका, जखम कापू नका, दोरीने करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर उतारा तिथल्या इंजेक्शनातच आहे. विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालते, हे आपल्या महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि मुंगसाला मारू नका. रंगाच्या कुंचल्यांसाठी केस हवेत म्हणून लोक त्याला मारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. मुंगसाला बांधावर राहू द्या. तुम्ही मात्र दवाखान्याची वाट धरा.