सईद मोल्लाई : देश सुटला, खेळ राहिला

सईद मोल्लाई हा ८१ किलो वजनगटातला ज्यूदोपटू. त्याचा जन्म १९९२ मध्ये तेहरानला झाला. २०१७ च्या बुडापेस्टमधील जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी बाकू इथे तो जगज्जेता ठरला. अंतिम लढतीत त्याने जपानच्या सोतारो फुजिवाराला हरवले होते. जपान हे या खेळाचे माहेरघर असल्याने या विजयाचे मोल मोठे होते. इराणच्या दृष्टीने ऑलिंपिक पदकाची ती भक्कम आशा होती.

पण इराणी खेळाडूच्या वाटेत एक अडथळा कायमचा होता. इस्रायलला मान्यता नसल्यामुळे इस्रायली खेळाडूशी लढायचे नाही, हा सरकारचा दंडक. लढत समोर आलीच तर दुखापतीचे निमित्त करायचे, वजन वाढवून घ्यायचे किंवा आधीच्या फेरीत मुद्दाम हरायचे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अराश मीरइस्माईली हा दोन वेळचा जगज्जेता इस्रायली प्रतिस्पर्ध्यासमोर येणार होता. ऐन वेळी तो वजनमर्यादेबाहेर भरला आणि बाद झाला. मायदेशी त्याचा गौरव झाला, सुवर्णविजेत्याइतके बक्षीसही मिळाले. हाच मीरइस्माईली २०१९ मध्ये इराणच्या ज्यूदो महासंघाचा अध्यक्ष होता. त्या वर्षी मे महिन्यात इराणने आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाला पत्र पाठवून ऑलिंपिक सनद पाळण्याची हमी दिली होती. ती चार महिनेही टिकली नाही.

२८ ऑगस्ट २०१९ रोजी टोकियोच्या निप्पॉन बुदोकान सभागृहात जागतिक स्पर्धेतील ८१ किलो गटाच्या लढती होत्या. त्या वेळी या गटात इस्रायलचा सागी मुकी ऐन भरात होता आणि अंतिम फेरीत त्याची मोल्लाईशी गाठ पडण्याची शक्यता होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने नंतर प्रसिद्ध केलेल्या हकिकतीनुसार, ऑलिंपिक विजेत्या खासान खालमुर्झायेवशी लढण्यापूर्वी इराणच्या क्रीडा उपमंत्र्यांनी दूरध्वनीवरून माघार घेण्याचा आदेश दिला. मोल्लाई तरीही उतरला आणि जिंकला. उपांत्य लढतीआधी राष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला. सुरक्षा यंत्रणेची माणसे आईवडिलांच्या घरी पोहोचली आहेत, असे त्याला सांगण्यात आले. अशा अवस्थेत कोणाला लढता येईल? उपांत्य लढत तो बेल्जियमच्या मथियास कासेकडून हरला, कांस्यपदकाची लढत जॉर्जियाच्या लुका मैसुराद्झेकडून. मुकीने त्याच दिवशी विश्वविजेतेपद मिळवले. आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष मारियुस व्हिझर यांच्यापुढे मोल्लाईने सारे सांगून टाकले आणि तेहरानला न परतता तो जर्मनीला गेला.

खेळाडूने तक्रार केली आणि महासंघ त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे क्वचित घडते. इथे ते घडले. सप्टेंबरमध्ये इराणच्या ज्यूदो महासंघाला तात्पुरते निलंबित करण्यात आले, ऑक्टोबरमध्ये हे निलंबन बेमुदत झाले.

नागरिकत्वाचा प्रश्न मंगोलियाने सोडवला. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खाल्तमागीन बात्तुल्गा स्वतः कुस्तीच्या मुशीतले, देशाच्या ज्यूदो संघटनेचेही प्रमुख राहिलेले. मंगोलियाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण २००८ मध्ये बीजिंगला मिळाले, तेही ज्यूदोतच. डिसेंबर २०१९ मध्ये मोल्लाई मंगोलियाचा नागरिक झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो थेट तेल अवीवच्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत उतरला. अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या शराफुद्दीन बोल्ताबोयेवने त्याला रोखले. एव्हाना मुकीशी त्याची मैत्री जगजाहीर झाली होती.

पुढच्याच महिन्यात क्रीडा लवाद न्यायालयाने इराणवरील बेमुदत बंदी रद्द केली. इराणी महासंघाचे वर्तन गंभीर आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी, पण मुदत न ठरवता बंदी घालण्याला नियमांत आधार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. एप्रिलमध्ये चार वर्षांची नवी बंदी आली, सप्टेंबर २०१९ पासून मोजलेली.

२७ जुलै २०२१ रोजी मोल्लाई पुन्हा बुदोकानमध्ये उभा राहिला, या वेळी ऑलिंपिकसाठी. अंतिम लढत वाढीव वेळेत गेली आणि जपानच्या ताकानोरी नागासेने ती जिंकली. मंगोलियाच्या खात्यात रौप्यपदक जमा झाले. दोन वर्षांपूर्वी ज्याला जिंकण्याचीच मनाई होती, त्याच्या दृष्टीने हे रौप्य सोन्याहून कमी नव्हते. पदक मिळाल्यावर त्याने इस्रायली पाठीराख्यांचेही उघडपणे आभार मानले. २०२२ पासून तो अझरबैजानकडून खेळू लागला. इराणने तयार केलेल्या या खेळाडूचे ऑलिंपिक पदक अशा रीतीने दुसऱ्याच देशाच्या नावावर लागले.

इराणवरील बंदीची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. त्याच्या काही आठवडे आधी, पोलंडमधील ज्येष्ठांच्या भारोत्तोलन स्पर्धेत मुस्तफा रजाई या इराणी खेळाडूने इस्रायली स्पर्धकाशी हस्तांदोलन केले. इराणच्या भारोत्तोलन महासंघाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली.