मागावरचे कान

सांगली जिल्ह्यात विट्याच्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकताच लाकडी दांड्यांच्या फटक्यासरशी धावणाऱ्या धोट्यांचा जो अखंड खडखडाट अंगावर येतो, त्यात विणकर परस्परांशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनीच बोलतात. आणि ‘सवय झालीय’ असे जेव्हा ते सांगतात, तेव्हा ती सवय म्हणजे पुष्कळदा बधिरतेचा प्रारंभच असतो. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली तांबटांच्या अशाच बहिरेपणाची नोंद केली होती.

अंतर्कर्णाच्या शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात व त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या कानात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ही हानी वेदनारहित असते आणि प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे उच्च स्वर हरपतात. म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात, आणि घरी नात काहीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते ते कळत नाही. त्याच जिल्ह्यात, मिरजेत, निव्वळ कानाच्या बळावर तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर आहेत, हे आठवले की या हानीचे मोल अधिकच जाणवते.

महाराष्ट्राच्या कारखाने नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली, आणि पुढे दर पाच डेसिबलांस मुदत निम्मी केली. बारा तासांच्या पाळीला हा हिशेब लावून पाहणारा मुकादम विरळाच.

यंत्राची झीज दुरुस्त करणे, वंगण देणे, धक्का शोषणारे रबर बसवणे, हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे, कानात घालायचे संरक्षक गोळे त्यानंतरचे. ‘गोळे घातले तर मागाचा बिघाड कळणार नाही’ ही कामगाराची शंका रास्त आहे, परंतु गोळा आवाज बंद करीत नाही, सगळाच खाली आणतो, त्यामुळे शाबूत कानाला बिघाडाचा वेगळा सूर ओळखता येतो. फोमचा गोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढावा, गोळा आत सारावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला गोळा निरुपयोगी होय.

गोंगाट मागापुरताच नाही; कऱ्हाड तालुक्यातील साखर कारखान्यांत टर्बाइनपाशी हंगामभर पाळी करणाऱ्यांची श्रवणचाचणी गाळप सुरू होण्यापूर्वी, कान विसावलेले असताना, करून तिचा कागद कामगाराच्याही हाती दिला पाहिजे. त्या पहिल्या नोंदीवाचून पुढे नुकसानभरपाईचा दावा सिद्ध करणे त्याला फार अवघड जाते.