स्थितिस्थापक तंतू

स्थितिस्थापक तंतू हे प्राण्यांच्या संयोजी ऊतकातील, ताणल्यावर लांबणारे व ताण सुटताच मूळ लांबीवर येणारे प्रथिनतंतू होत. त्यांचा गाभा इलॅस्टिन या प्रथिनाचा असून त्याभोवती फायब्रिलिनयुक्त सूक्ष्मतंतूंचे आवरण असते. त्वचा, फुप्फुसे, महाधमनी आणि काही अस्थिबंध यांत ते विपुल आढळतात.

यांत्रिक गुणधर्म

इलॅस्टिन मूळ लांबीच्या जवळजवळ दुपटीपर्यंत न तुटता ताणता येते. त्याचा यंग गुणांक सुमारे १ मेगापास्कल असतो. कंडरेतील कोलॅजेनचा त्याच्या सुमारे १,००० पट भरतो. ताणताना खर्ची पडलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के परत मिळते. ही ओढ रबराप्रमाणे मुख्यतः एंट्रॉपीतून येते: ताणामुळे सरळ झालेल्या रेणुसाखळ्या पुन्हा विस्कळीत स्थितीकडे जाऊ पाहतात. त्यासाठी पाणी आवश्यक असते. वाळलेले इलॅस्टिन ठिसूळ होते.

वन्य प्राण्यांतील कार्य

चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांतील चितळ, सांबर आणि गवा यांच्या मानेत इलॅस्टिनयुक्त जाड अस्थिबंध असतो. चरताना मान खाली गेली की तो ताणला जातो आणि डोके उचलताना स्नायूंचा भार हलका करतो.

वाघाच्या पंजात हेच तत्त्व अधिक सूक्ष्म रूपात दिसते. नख धारण करणारे शेवटचे अंगुलास्थी मधल्या अंगुलास्थीच्या बाजूला दुमडलेले असते व स्थितिस्थापक अस्थिबंध ते तसेच धरून ठेवतात. नख आत ठेवण्यास श्रम पडत नाहीत. ते बाहेर काढण्यासाठी मात्र स्नायूला कंडरा ओढावी लागते. त्यामुळे चालताना नखे जमिनीला घासत नाहीत, बोथट होत नाहीत आणि ठशात सहसा उमटत नाहीत. रानकुत्रा व तरस यांच्या ठशांत ती उमटतात.

मोहफुले वा तेंदूपाने गोळा करणाऱ्यांच्या आणि वनरक्षकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वाटेवरून कोणता प्राणी गेला याचा पहिला अंदाज त्यावरून बांधता येतो. अर्थात, केवळ नखांच्या अभावावरून वाघ ठरवता येत नाही. बिबट्याच्या ठशातही नखे नसतात. तेथे आकार पाहावा लागतो. उलट, निसरड्या चिखलात पाय रोवताना वाघाचीही नखे उमटू शकतात. भारतात वाघांची गणना दीर्घकाळ ठशांवरून होत असे. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून तिची जागा कॅमेरा सापळे व सांख्यिकी पद्धतींनी घेतली.